प्रवासी आलाच नसता तर

ब्रेकबाईंकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांच्या उजव्या पायामुळे. आमच्या इमारतीतले वरच्या मजल्यावरचे आजोबा इस्पितळात होते आणि त्यांना बघायला इमारतीतलेच दातांचे डॉक्टर आम्हा दोघांना आपल्या गाडीतून घेऊन चालले होते. डॉक्टर गाडी चालवत होते, शेजारी या बाई, मागे मी. तोवर माझी त्यांच्याशी ओळख जिन्यात बाजूला सरकून वाट देण्यापुरतीच होती. वळण आलं की बाईंचा उजवा पाय पुढे जायचा आणि खालची रबरी चटई जोरात दाबायचा. समोर सायकलवाला आला, पाय पुढे. सिग्नल पिवळा झाला, पाय पुढे.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "बाई, ही माझी स्वतःची गाडी आहे. तुमच्या बाजूला ब्रेक नाही."

"माहीत आहे हो. पण पायाला कोण समजावणार?"

"मला दोनदा नापास केलंत, तेव्हाही असाच दाबला होतात."

"तेव्हा तो खरा होता, म्हणून आज आपण तिघं गप्पा मारतोय. सिग्नल बघा."

वाहतूक खात्यात त्या वाहनचालकांची परीक्षा घेत. परीक्षेच्या गाडीत परीक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, ऐनवेळी उमेदवाराच्या हातून सगळं सुटलं तर उपयोगी पडावा म्हणून. निम्म्या शहराने आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं ते या बाई शेजारी बसलेल्या असताना, आणि त्या निम्म्या शहरानेच त्यांना हे नाव दिलं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा आमच्या दारावरची बेल वाजली, मी आतून "कोण?" म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "ब्रेकबाई. साखर आहे का वाटीभर?"

त्यांना कशाचंही कुतूहल असे. लिफ्ट दुरुस्त करणारा आला की त्या घरातली स्वयंपाकाची गडबड टाकून त्याच्या मागे उभ्या राहत. "हे चाक कशाला?" तो सांगे. "आणि ते नसतं तर?" तो तेही सांगे. मग पुढच्या वस्तूकडे बोट. बिचारा घाम पुसत निघून जाई आणि पुढच्या वेळी येण्याआधी फोन करून विचारी, "त्या खालच्या बाई ऑफिसला गेल्यात ना?" मी जन्मभर वर्गात मुलांना प्रश्न विचारायला सांगत आलो, पण असा टिकाऊ विद्यार्थी मला नोकरीत मिळाला नाही.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. आईवडील लवकर गेले आणि धाकट्या भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. त्याला त्या अजून छोट्या म्हणतात. छोट्या आता पन्नाशीचा, चांगला आडव्या बांध्याचा आहे. त्याच्या दोन टॅक्सी, एक तो स्वतः चालवतो, एकीवर पगारी माणूस. शिवाय तो लहान टॅक्सीमालकांच्या संघटनेचा सचिव. बोलायला लागला की समोरच्याला तोंड उघडायची सोय नाही.

त्याच सुमारास शहरात ते अ‍ॅप आलं. आपल्या खासगी गाडीत रिकामी जागा असेल तर तिथे कळवायची, त्या बाजूला जाणारा कुणी असेल तर तो येऊन बसतो, भाडं अ‍ॅप ठरवतं आणि त्यातला आपला वाटा कापून घेतं. म्हणायला हे शेजाऱ्याला सोबत नेण्यासारखं. पण काही गाड्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत सोबतच नेत होत्या.

टॅक्सीवाले खवळले. छोट्याने तर घर डोक्यावर घेतलं. "ताई, मला परवाना लागतो, दरवर्षी गाडीची तपासणी लागते, वेगळी परीक्षा लागते, कार्यालय लागतं! त्यांना काय लागतं? मोबाइल! बंद करा ते, बस्स."

खात्याच्या साहेबांनी यावर नियमांचा मसुदा करायचं काम ब्रेकबाईंकडे दिलं. कारण एवढंच की बाकी कुणी हात वर केला नाही. बाईंनी साहेबांना आधीच सांगितलं, "माझा भाऊ टॅक्सीवाला आहे, आणि त्यातही आरडाओरडा करणारा." साहेब म्हणाले, "माझा भाचा त्या अ‍ॅपवर गाडी चालवतो. नातेवाईक नसलेला माणूस हवा असेल तर चंद्रावरून मागवावा लागेल. मसुदा तुम्ही करा, निर्णय जाहीर सुनावणीनंतर समिती घेईल."

छोट्याला वाटलं, झालंच काम. संघटनेत तो छाती पुढे काढून सांगू लागला, "माझ्या बहिणीच्या हातात आहे सगळं." बाईंच्या कानावर ते आलं. भावाला पोसताना त्या त्याच्याशी कधी खोटं बोलल्या नव्हत्या आणि त्यांनी त्याला कधी दुखवलंही नव्हतं. आता यातलं एकच जमणार होतं, आणि कुठलं ते त्यांना अजून माहीत नव्हतं.

त्यांचा प्रश्न साधा होता. सोबत कुठे संपते आणि धंदा कुठे सुरू होतो? कागद वाचून ते कळेना, तेव्हा त्यांनी ठरवलं की आपण स्वतः प्रवासी होऊन या गाड्यांतून फिरायचं, गुपचूप. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, डोक्याला रुमाल. पहिल्याच गाडीत बसल्या. पहिलं वळण आलं, पाय पुढे गेला.

"बाई, तुम्ही!" गाडीवाला ओरडला. "तीनदा नापास केलंय मला. तो बूट मी विसरेन होय?"

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर बसून पाहिलं. तिथून त्यांनी पुढच्या सीटला अशी लाथ घातली की पुढे बसलेल्या आजी दचकून देवाचं नाव घेऊ लागल्या. बातमी गाडीवाल्यांत पसरली. मग तर ज्या गाडीत त्या बसत ती गाडी निर्मनुष्य चौकातही थांबे, दोन्हीकडे बघे, सावकाश निघे. सोबतचे प्रवासी कामाला उशिरा पोहोचत आणि बाईंना शिव्या देत.

"सर," त्या एक दिवस हताश होऊन म्हणाल्या, "माझ्यासमोर सगळे सज्जन आहेत. अशाने कळणार काय?"

म्हणून माझी नेमणूक झाली. माझ्या मोबाइलवर अ‍ॅप घेतलं, मी गाड्यांत बसू लागलो आणि परत आल्यावर त्यांना इत्थंभूत सांगू लागलो. एक मुलगी रोज कापड गिरणीत कामाला जाताना तीन जणींना नेई, चौघी वाटेत गाणी म्हणत. एक गृहस्थ फक्त बोलायला कुणी मिळावं म्हणून जागा देत. उतरताना त्यांनी मला घरचा पत्ता दिला. आणि एकजण भर दुपारी त्याच रस्त्यावरून चौथ्यांदा जात होता. त्याला विचारलं, "आपण कुठे चाललात?" तर म्हणाला, "तुम्ही सांगाल तिकडे."

हे शेवटचं ऐकून बाई खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे तुम्ही बसला नसता तर?"

"तर काय?"

"तर ती गाडी गेली असती का, सर? गिरणीतली मुलगी तुम्ही नसलात तरी गिरणीत जाणारच. हा गेला नसता. सापडलं! प्रवासी आलाच नसता, तर गाडी गेली असती की नाही?"

झालं. आता त्यांना हे पडताळून बघायचं होतं. पद्धत त्यांनीच काढली, आणि ती जरा आगाऊ होती हे मान्य करायला हवं. मी गाडी मागवायची, गाडी जवळ आली की रद्द करायची आणि दोघांनी आडोशाला उभं राहून बघायचं की गाडी पुढे जाते की मागे वळते. रद्द केल्याचा भुर्दंड त्या भरत. मी म्हणालो, "लोकांना ताप होतो." त्या म्हणाल्या, "परीक्षा म्हटली की ताप आलाच. तुम्ही मास्तर असून विचारता?"

गाड्या पुढेही जात आणि वळतही. एका दुपारी आम्ही वाचनालयाजवळच्या बसथांब्यामागे उभे होतो. मी मागवलेली गाडी कोपऱ्यावर आली. मी बटण दाबलं. गाडी थांबली, थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग आतून एक बाई उतरल्या, कमरेवर हात ठेवून त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं, "कुठे तडमडला मेला," असं म्हणाल्या आणि आत बसून गाडी आली तशी परत वळवायला लागल्या.

ब्रेकबाईंनी माझा दंड घट्ट धरला. ती छोट्याची बायको होती.

मी थांबवायच्या आत बाई रस्त्यावर गेल्या आणि गाडीसमोर उभ्या राहिल्या. काच खाली आली.

"वन्सं!" एरवी ती त्यांना ताईच म्हणे. "तुम्ही इकडे कशा?"

"मी कामावर आहे. तू?"

"मी... आईकडे चालले होते."

"तुझी आई स्टेशनपलीकडे राहते. तू वळलीस उलट."

मग माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या मोबाइलकडे तिचं लक्ष गेलं. "म्हणजे तो मेला तुम्ही होतात, सर?"

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आम्ही गाडीतच बसलो. तिने सगळं सांगितलं. सकाळी ती अंथरुणाला खिळलेल्या आईकडे जायची, तेव्हा वाटेत कुणाला तरी घ्यायची. तिथून सुरुवात झाली. ओळखी झाल्या, गंमत वाटू लागली. मुलं शिकायला बाहेरगावी गेल्यावर दुपारी घर खायला उठे. मग दुपारीही ती निघू लागली. नवऱ्याला सांगे, आईकडे थांबले होते.

"सकाळचं राहू दे," बाई म्हणाल्या. "आत्ताचं सांग. सर नसते तर ही गाडी इथे आली असती?"

"कशाला येईल?"

"नसती ना आली?"

"नाही." आणि मग हळूच, "मला आवडतं हो ताई गाडी चालवायला. शिकवलंत तुम्हीच. यांच्या टॅक्सीला मला हात लावू देत नाहीत, गिअर बिघडवशील म्हणतात. यांना सांगू नका. तिकडे सभेत अ‍ॅपवाल्यांना चोर म्हणतात आणि घरी येऊन मी केलेलं जेवतात."

बाई आधी खळखळून हसल्या. मग हसू थांबलं.

"मी नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "ते तुझं तू सांगायचं. पण मी जो नियम लिहीन तो तुला लागेल. तुझ्यासाठी वाकडा लिहिणार नाही. आणि त्याच्यासाठीही नाही."

आपली भावजयही अ‍ॅपवर गाडी चालवते, हे दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना कळवलं. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि सुनावणीची तारीख लावली.

सुनावणी पालिकेच्या सभागृहात होती. टॅक्सीवाल्यांनी पुढच्या रांगा धरल्या होत्या, छोट्या मध्यभागी, इस्त्रीच्या शर्टात. मागे अ‍ॅपवर गाडी चालवणारे. बाजूला अ‍ॅपचा प्रतिनिधी, गोड बोलणारा तरुण. तो म्हणाला, "आम्ही वाहतुकीचा धंदा करतच नाही. आम्ही फक्त दोन माणसांची ओळख करून देतो."

बाई म्हणाल्या, "ओळख करून देणारा भाडं ठरवत नाही. तुम्ही ठरवता. तेव्हा परवाना नसलेली गाडी तुम्ही धंद्याला पाठवलीत, तर जाब तुम्हाला द्यावा लागेल." पुढच्या रांगांत टाळ्या. छोट्याने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, माझी बहीण बरं का, अशा चेहऱ्याने.

मग त्यांनी मुख्य मुद्दा वाचला. गाडीवाला आपल्या कामाला निघाला असेल आणि कुणी सोबत बसलं तर ती सोबत. गाडीचा विमा आणि तपासणी असली की पुरे. प्रवाशासाठीच गाडी निघत असेल तर तो धंदा. त्याला परीक्षा आणि परवाना लागणार, मग गाडी एकच का असेना. टॅक्सीवाले माना डोलवत होते.

"आणि शेवटचं," बाई म्हणाल्या. "एकदोन गाड्या असणाऱ्याला आजवर कार्यालय ठेवावं लागे, प्रवाशांना बसायच्या जागेसकट. मी हिंडून पाहिलं. त्या खुर्च्यांवर कुणी बसत नाही. त्या नसत्या तर कुणाचं काही अडलं नसतं. ही अट सगळ्यांसाठी काढावी."

मला वाटलं, आता सगळ्यात मोठ्या टाळ्या पडणार. पण टाळी पडायच्या आधीच छोट्या उभा राहिला. त्याचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"काढावी?" तो म्हणाला. "ताई, ती खोली मी लग्न झालं त्या वर्षापासून ठेवलीय. दर सोमवारी त्या खुर्च्या पुसतो. नियम आहे म्हणून. सणवार बघितला नाही, आजारपण बघितलं नाही. आणि आज तू म्हणतेस, त्या नसत्या तरी चाललं असतं? मग मी इतकी वर्षं काय केलं?"

सगळ्या हिशेबांत बाईंनी हे धरलंच नव्हतं. अ‍ॅप चालू ठेवलं म्हणून तो रागावेल, याची त्यांनी तयारी केली होती. त्याच्या पाठीवरचं ओझं काढलं म्हणून रागावेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

छोट्या अजून उभाच होता आणि आता आवाज चढला होता. "आणि हे कुणासाठी? त्या मागे बसलेल्यांसाठी! आहेत कोण हे? कुणाच्या घरचे आहेत?"

"तुमच्याच," मागून आवाज आला. त्याची बायको उभी होती. "मी चालवते. सकाळी सोबत, दुपारी धंदा. ताईंनी मला पकडलं आणि सोडलं नाही. परीक्षा देईन म्हणते. खाली बसा आता, लोक बघतायत."

तो बसला नाही, निघून गेला. त्याच्या मागोमाग ती.

समितीने मसुदा जवळपास आहे तसा मान्य केला. संघटनेतल्या बऱ्याच जणांनी आठवड्याच्या आत आपापल्या खोल्या सोडल्या. छोट्याने सोडली नाही. बहिणीचा फोन त्याने घेतला नाही. बाई ऑफिसात जात, परत येत, जिन्यात भेटल्या की लिफ्टबद्दल काही विचारत नसत. एकदा मी म्हणालो, "तुम्ही बरोबरच केलंत." त्या म्हणाल्या, "बरोबर होतं ते ठाऊक आहे, सर. पण त्याला आधी घरी बोलावून सांगायला हवं होतं. त्या खुर्च्यांवर मी स्वतः जाऊन बसले होते. तो बाहेर होता. मी टेकले, इकडेतिकडे बघितलं आणि आले. इतक्या चकचकीत होत्या, तेव्हाच मला प्रश्न पडायला हवा होता, की या कोण पुसतं."

भावजयीने परीक्षेला नाव घातलं. नात्यातल्या माणसाची परीक्षा घेता येत नाही, म्हणून दुसऱ्या परीक्षकाकडे गेली आणि रिव्हर्समध्ये नापास झाली. घरी येऊन रडली. त्या रडण्याने छोट्याचं काय झालं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी टॅक्सीथांब्यामागच्या मोकळ्या जागेत त्याने कार्यालयातल्या दोन खुर्च्या अंतर ठेवून मांडल्या आणि बायकोला टॅक्सीत बसवून म्हणाला, "यांच्या मधून मागे घे. खुर्चीला धक्का लागला तर बघ." हे मला टॅक्सीवाल्यांकडून कळलं. ते चहा पीत उभे राहून बघत होते आणि प्रत्येक वेळी धक्का लागला की हळहळत होते.

ती पास झाली त्या संध्याकाळी जिन्यात जड पावलं वाजली. मी दार किलकिलं केलं, खोटं कशाला बोलू. छोट्या बहिणीच्या दारात उभा होता.

"ताई, ती पास झाली."

"छान झालं."

"तुमचा तो नवा परीक्षक अगदीच ढिला आहे. आरशात न बघता निघाली तरी काही बोलला नाही. तू असतीस तर नापास केली असतीस."

"केली असती."

"तेच म्हटलं मी तिला." तो क्षणभर घुटमळला. "काही खायला आहे का?"

त्या खोलीचं भाडं तो आता भरत नाही. टॅक्सी दोन आहेतच, शिवाय घरच्या गाडीवर बायकोचा एका गाडीचा परवाना. ब्रेकबाईंची नोकरी अजून वर्षभर आहे आणि खात्याने आता त्यांना नदीतल्या भाड्याच्या होड्यांचं काम दिलंय. रविवारी भाऊ दुपारपर्यंत गाडीवर असतो आणि भावजय दुपारनंतर, म्हणून त्या दिवशी बाई दोनदा पानं वाढतात: आधी तिचं, मग त्याचं.